मालकांच्या खेळाला जागा पुरत नव्हती

आमचे मालक कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी पाय धुवायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि डोक्यावर टोपी ठेवायचे. एरवी दिवसभर ते बंडीत आणि गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या लेंग्यात असत. मीटर बघायला आलेला माणूस असो की खोली बघायला आलेले कुणाचे आईवडील, त्यांच्यासाठी मालकांनी कधी सदरा घातलेला मी पाहिला नाही. तो फक्त रविवारी सकाळी, खेळासाठी. मी एकदा धीर करून म्हटलं, की खेळात तर तुमच्या जागी एक चौकोनी डोक्याचं चित्र दिसतं, तिकडे सदरा कुणाला दिसणार? त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मला ठावं हाय ना, मी बंडीवर बसलोय ते."

मालक म्हणजे भुकूममधले आमचे घरमालक. पौड रस्ता सोडून आत आलं की त्यांची तीन मजली इमारत होती. प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या आणि पुढे लांब गॅलरी. सगळ्या खोल्या भाड्याने दिलेल्या. कॉलेजची मुलंमुली, हिंजवडीला कंपनीत जाणारे लोक, एक-दोन नवी लग्न झालेली जोडपी. मालक स्वतः तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत राहायचे. शेजारीच पाण्याची मोटार होती, ती सुरू झाली की त्यांच्या खोलीतलं ताट खडखडायचं. मालकीणबाई मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

ते आम्हाला नावांनी हाक मारत नसत. मी परभणी जिल्ह्यातली, म्हणून मी "परभणी". माझ्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी "वाशिम". वरच्या मजल्यावर एक सांगली आणि दोन नांदेड होते. सुरुवातीला मला ते अपमानाचं वाटायचं. एकदा वाशिमने त्यांना तोंडावर विचारलं, की आमची नावं लक्षात राहत नाहीत का. ते म्हणाले, "नावं बदलत्यात पोरी. दोन वर्सं झाली की नवं नाव येतं. जिल्हे तेच ऱ्हात्यात." वाशिम नंतर खोलीत म्हणाली, "हा माणूस आपल्याले एसटीची पाटी समजून राहिला." पण पावसाळ्यात ताम्हिणी घाटाच्या बाजूने आभाळ काळं झालं की मालक अंगणात उभे राहून ओरडायचे, "सांगली, कापडं! परभणी, खिडकी!" आणि कुणाचे कपडे कुठल्या दोरीवर आहेत ते त्यांना अचूक माहीत असायचं. मुळशीचा पाऊस आम्हा बाहेरच्यांना कळत नसे. आमच्याकडे पाऊस येतो की नाही याची काळजी असते, इथे तो थांबतो की नाही याची.

मी बीएस्सी कॉम्प्युटरला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गावी सगळ्यांची समजूत होती, की मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. खरं तर मी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि तिथेही एका मशीनवर दोघी असायचो. खेळ म्हणाल तर मी मोबाइलवरसुद्धा कधी खेळले नव्हते. म्हणून एका रविवारी मालकांनी जिन्यातून हाक मारून "परभणी, तू काम्प्युटर शिकतीस ना?" असं विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. नाही म्हणता येईना. गावीही आलं नसतं.

त्यांच्या खोलीत खाट, एक कपाट, गॅसची शेगडी आणि खिडकीखाली टेबलावर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर टॉवेल झाकलेला असायचा, मोटारीची धूळ बसू नये म्हणून. पडद्यावर ठोकळ्यांचं जग होतं. ठोकळ्यांचे डोंगर, ठोकळ्यांची झाडं, ठोकळ्यांच्या गाई. तो खेळ आता सगळ्या मुलांना माहीत आहे. त्यात जिंकायचं-हरायचं असं फारसं काही नसतं. खणायचं, बांधायचं, पेरायचं, राहायचं.

हेडफोनमधून एका मुलाचा आवाज येत होता. "आबा? आबा, कॅन यू हिअर मी?" तो त्यांचा नातू. मुलगा-सून अमेरिकेत, आणि हा तिकडेच वाढलेला. आपली रविवारची सकाळ म्हणजे त्याची शनिवारची संध्याकाळ. आठवड्यातून एकदा दोघं त्या ठोकळ्यांच्या जगात भेटायचे.

"आता बघ हां," मालक म्हणाले आणि त्यांनी बाण दाबला. पडद्यावरचा त्यांचा माणूस बांधावरून चालायला लागला. थोडं पुढे गेला आणि सगळं थांबलं. गाईची मान अर्धी वळलेली, पाणी मध्येच अडकलेलं. नातवाचं चित्र समोर होतं, ते नाहीसं झालं आणि एकदम लांब डोंगरावर दिसलं. हेडफोनमधून तो म्हणाला, "आबा, यू आर लॅगिंग अगेन." त्या आवाजात राग नव्हता. कंटाळा होता. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, पण तो कंटाळा त्यांना बरोबर ऐकू येत होता. ते मला म्हणाले, "लॅग व्हतंय. पोरगं चार पावलं पुढं जातं, मी मागं ऱ्हातो. मंग ते दुसरं कायतरी खेळाय जातं."

मी त्यांना सांगितलं, की बघून सांगते. त्या आठवड्यात मी लॅबमध्ये बसून वाचलं, सरांना विचारायची हिंमत झाली नाही. वाचल्यावर कळलं ते असं. कॉम्प्युटरमध्ये किती का मेमरी असेना, तो खेळ आपणहून त्यातली थोडीच घेतो. जेवढं जग मोठं, जेवढी जनावरं आणि झाडं जास्त, तेवढी जागा त्याला जास्त लागते. ती भरली की खेळ मध्येच थांबतो, नको असलेलं झाडून काढतो आणि पुन्हा चालू लागतो. मालकांच्या मशीनमध्ये आठ जीबी होती आणि खेळाला मिळत होती दोन.

पुढच्या रविवारी मी हे त्यांना समजावून सांगायला गेले. मनात इंग्रजी शब्दांची मराठी जुळवत होते, पण मालकांनी मला अर्ध्यावरच थांबवलं. "म्हंजी खळं लहान हाय," ते म्हणाले. "झोडलेलं भात साठतंय. जागा न्हाई म्हणून गडी थांबतो, भरतो, उचलतो, मंग परत झोडाय लागतो. आसंच ना?"

तसंच होतं. मला कॉलेजमध्ये हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं, पण मालकांना त्याचं काही नव्हतं, ते वेगळ्याच गोष्टीने चिडले होते. घरात आठ खोल्या असताना भाडेकऱ्याला दोनच का दिल्या, बाकीच्या कुणासाठी रिकाम्या ठेवल्या, असा त्यांचा सवाल होता. रिकामी खोली त्यांना सहन होत नसे.

पडद्यावरच्या ज्या खिडकीतून खेळ सुरू करायचा तिथे आत, सेटिंगमध्ये, अक्षरांची एक लांब ओळ होती. त्या ओळीत दोनचा आकडा होता. तो पुसून मी चार लिहिला. इतक्या लहान बदलाने काही होईल असं मला खरंच वाटत नव्हतं. खेळ सुरू झाला. मालकांचा माणूस बांधावरून चालायला लागला आणि चालतच राहिला. पाणी वाहत होतं. गाईने मान वळवली आणि पूर्ण वळवली. तिकडून नातू म्हणाला, "वॉव, आबा!" मालक माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यांची टोपी फक्त जराशी मागे सरकली.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराशी एका पातेल्यात इंद्रायणीचा तांदूळ ठेवलेला होता. वाशिम म्हणाली, "एक आकडा बदलला तं तांदूळ. पूर्ण प्रोग्राम लिवला तं बैल देईन वाटते."

ते जग त्यांनी का बांधलं होतं, हे मला हळूहळू कळलं. इमारतीच्या मागे, उताराला, त्यांची भातखाचरं होती. ती विकून आता तिथे बंगल्यांची एक सोसायटी झाली आहे. मालक रोज संध्याकाळी तिच्या गेटपर्यंत फिरायला जायचे. आत जात नसत. गेटवरचा वॉचमन बिहारचा होता, त्याला ते त्यांच्या हिंदीत सांगायचे, "इधर हमारा विहीर था. तुम बैठता ना, उधरसे थोडा डावा हात को." तो बिचारा रोज तेवढ्याच आदराने उजवीकडे बघायचा.

मी येण्याच्या आदल्या वर्षी नातू सुट्टीत इथे आला होता. त्याने आजोबांना विचारलं, की तुमचं शेत कुठे आहे. मालक त्याला गेटपाशी घेऊन गेले. वॉचमनने त्या दिवशी त्यांना आत सोडलं. विहिरीच्या जागी पोहण्याचा तलाव होता आणि त्यात कुणाची तरी मुलं खेळत होती. मालकांनी मला हे सांगितलं तेव्हा पुढचं वाक्य ते दोनदा म्हणाले. पोरगं म्हणालं, आबा, आपण बनवू. पोरगं म्हणालं, आपण बनवू. मग सुट्टीभर तो त्यांना शेजारी बसवून उंदीर कसा धरायचा, कुठला बाण दाबायचा ते शिकवत राहिला. जाताना मालकांच्या मुलाने सुट्टीपुरता घेतलेला तो कॉम्प्युटर इथेच ठेवला.

तेव्हापासून मालक त्या खेळात आपलं शेत उभं करत होते. वरचं खाचर, मधलं खाचर, विहीर, करवंदीची जाळी, बांधावरचा जांभूळ. डोंगराचा उतार खऱ्यासारखा येईपर्यंत ते ठोकळा-ठोकळा खणायचे. आठवडाभर एकटे खणायचे आणि रविवारी नातवाला दाखवायचे. दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नव्हती. फोनवर बोलायची वेळ आली की "जेवलास का" आणि "येस आबा" यापुढे गाडी जात नसे. "तितं बोलावं लागत न्हाई," मालक मला म्हणाले होते. "त्यो पुढं चालतो, मी मागं चालतो. त्यानं गाजर दिलं की मी घेतो."

खेळात भात नव्हतं. गहू होता, बटाटा होता, बीट होतं. हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला वरून बोलावून घेतलं, जणू ती चूक कॉलेजची होती. "ह्यात भात न्हाई? मंग ही मान्सं खात्यात काय?" शेवटी त्यांनी गहूच लावला, पण खाचरं करून, बांध घालून, आणि प्रत्येक खाचराला पाणी आणून. मी म्हटलं गव्हाला इतकं पाणी लागत नाही. "मला ठावं हाय," ते म्हणाले. "पण पोराला दिसाया पायजे कसं आसतं ते."

खेळात पाऊस आला की ते हातातलं काम टाकून गाई गोठ्यात घालायचे. गाईंना तिथे पावसाने काही होत नाही, हे नातवाने त्यांना हसत हसत सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. गाईंचा प्रश्न पुढे वाढत गेला. त्या खेळात गाईंना गहू दाखवला की त्यांना वासरं होतात, आणि मालक येता-जाता गहू दाखवायचे. गोठा भरला, दुसरा बांधला, तोही भरला. मी चाचरत सांगितलं, की जनावरं कमी केली तर खेळ आणखी हलका चालेल. कमी करायचं म्हणजे त्या खेळात मारायचं, दुसरा उपाय नव्हता. मालक उठले आणि त्यांनी शेगडीवर चहा ठेवला. चहा झाल्यावर म्हणाले, "जागा वाढव. गाई तशाच ऱ्हातील."

एकदा त्यांनी मला न विचारता स्वतःच जागा वाढवली. ती ओळ कुठे असते हे त्यांनी मी करताना बघून ठेवलं होतं. चारच्या जागी त्यांनी आठ लिहिले. म्हणजे मशीनमध्ये होती नव्हती ती सगळी मेमरी खेळाला देऊन टाकली. त्या रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि मालक जिना चढून वर येताना दिसले. ते वर कधीच येत नसत. डोक्यावर टोपी, अंगात सदरा, पाय अनवाणी. "परभणी, बंद पडलं. पोरगं वाट बघतंय," एवढंच म्हणाले.

पडदा गोठला होता. उंदीरसुद्धा हलत नव्हता. बटण दाबून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, खेळ उघडायच्या आधी आकडा कमी केला, तेव्हा कुठे सुरळीत झालं. तोवर नातू गेला होता. मालकांचं म्हणणं असं, की त्यांनी काहीच चूक केली नव्हती. ते स्वतः जिन्याखाली राहतात आणि सगळी इमारत भाड्याने देतात, मग कॉम्प्युटरने तसं का करू नये? मी म्हटलं, "मालक, तुम्ही जिन्याखाली राहता, पण राहता ना? तुम्ही राहता म्हणून वर पाणी येतं. याला तुम्ही जिन्याखालचीसुद्धा ठेवली नाही."

ते आधी माझ्याकडे आणि मग खोलीकडे बघत राहिले. खाट, शेगडी, एक ताट. मग हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेवढंच पाहिलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मेमरी विकत घ्यायचं ठरवलं. पिरंगुटच्या एका दुकानात नेऊन बसवून आणायची होती. बाहेर धो धो पाऊस. मालकांनी कॉम्प्युटरचा डबा टॉवेलात गुंडाळला, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर खताची रिकामी गोणी, आणि ते ओझं मांडीवर घेऊन ते टमटममध्ये बसले. मला शेजारी बसवलं, दुकानदाराशी बोलायला. वाटेत एका बाईने विचारलं, "पोराला बरं न्हाई का?" गोणीत आजारी मूल आहे असं तिला वाटलं असावं. मालक म्हणाले, "हाय जरा. दाखवून आनतो." मी बाहेर बघत राहिले.

मशीनमध्ये सोळा जीबी झाली. मी खेळाला आठ दिली आणि आठ कॉम्प्युटरला ठेवली. मालकांनी ती विभागणी मान्य केली. निम्मं निम्मं म्हणजे भावकीतही चालतं, असं म्हणाले. त्यानंतरचे काही रविवार फार चांगले गेले. मी काही काम नसतानाही त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. गव्हाची खाचरं उतारावर एकाखाली एक चमकायची. पाणी वरच्यातून मधल्यात, मधल्यातून खालच्यात पडायचं. दोन चौकोनी माणसं बांधावरून चालायची. पुढचा उड्या मारायचा, मागचा सरळ चालायचा. मला माझ्या वडिलांची आठवण यायची. ते मला कॉलेजात सोडायला आले तेव्हा फाटकापासून ऑफिसपर्यंत असेच चार पावलं मागे चालत होते.

मग एका रविवारी नातू आला नाही. परीक्षा होती म्हणे. पुढच्या रविवारी फुटबॉल. मग कुणाचा तरी वाढदिवस. मधे एकदा आला, शेताच्या वरच्या टोकाला जरा उभा राहिला, "कूल, आबा" म्हणाला आणि गेला. मालक रविवारी सकाळी टोपी घालून बसायचे. गाईंना गहू दाखवायचे. विहिरीच्या काठाला मशाली लावायचे, म्हणजे लांबून आलेल्याला दिसावं. दुपार झाली की टॉवेल झाकायचे आणि सदरा काढून खुंटीला लावायचे.

आणि सोमवारी मला हाक यायची. "परभणी, काल जरा अडकलं बघ. त्याच्यामुळं पोरगं आलं न्हाई." मी जाऊन बघायचे. खेळात कोपऱ्यात एक आकडा दिसतो, चित्र किती सरळ चालतंय ते सांगणारा. तो आकडा चांगला असायचा. तरी मी मेमरी थोडी वाढवायचे, कधी थोडी कमी करायचे, पडद्यावर किती लांबचं दिसावं ते बदलायचे. मालक बारकाईने बघायचे आणि म्हणायचे, "आता बरं वाटतंय." मला आधीही तसंच वाटत असायचं.

वाशिम म्हणायची, सांगून टाक. मेमरीचा प्रश्न नाही म्हणावं, पोरगा मोठा झाला. ती म्हणायची ते बरोबर होतं. पण मी कोण सांगणारी? त्यांच्या घरातली नव्हते, गावातली नव्हते. मला कॉम्प्युटर येतो म्हणून त्यांनी बोलावलं होतं. जे कॉम्प्युटरमध्ये नव्हतं ते मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी प्रत्येक सोमवारी जायचे आणि आकडे बदलून यायचे.

शेवटची परीक्षा झाली आणि माझं खोली सोडायचं ठरलं. एमएस्सीसाठी शहरातल्या कॉलेजात जायचं होतं, तिथे होस्टेल मिळणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मालकांनी बोलावलं. ते बंडीतच होते. कॉम्प्युटर मात्र चालू होता. मला नवल वाटलं, कारण बंडीवर ते त्या जगात कधी गेले नव्हते.

शेत पूर्ण झालं होतं. जांभळाखाली त्यांनी दगडाचा एक ओटा केला होता, तो मी पहिल्यांदाच बघत होते. पाणी वाहत होतं, गाई फिरत होत्या, कुठे जराही अडकत नव्हतं.

मी म्हटलं, "किती छान चालतंय, मालक."

"व्हय. म्हणून तर बोलावली. ते पयल्यासारखं करून दे. दोन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, दोनवर तर हे चालणारच नाही, आता शेत केवढं मोठं झालंय, गाई किती आहेत, पावलापावलाला अडकेल.

"अडकू दे."

ते पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात, हेडफोनवर बोलायच्या खिडकीतलं नातवाचं नाव बोटाने दाखवलं. नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे तो ऑनलाइन होता, आणि खाली इंग्रजीत दुसऱ्याच एका खेळाचं नाव. मी ते कितीतरी रविवारी पाहिलं होतं आणि त्यांना ते वाचता येत नाही असं धरून चालले होते.

"हळू वाचतो मी," मालक म्हणाले. "पण वाचतो. त्यो आसतो तितं. रोज आसतो. हितं येत न्हाई." पुढे म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. वय वाढतंय. आमी न्हाई का हुतुतू सोडला." मग माझ्याकडे वळले. "पण हे आसं झ्याक चालतंय ना परभणी, मंग माज्याकडं कायबी ऱ्हात न्हाई. फोन केला तर काय बोलू? आधी म्हनायचो, मशीन अडतंय. त्यो मोडक्या मराठीत इचारायचा, आता बरं झालं का आबा? झालं की सांगा म्हनायचा. आता समदं बरं झालंय. आता त्यानं काय इचारायचं?"

मी खाली बसले. ती ओळ उघडली. आकडा पुसला आणि दोन लिहिला. इतकी वर्षं शिकून मी एखादी गोष्ट मुद्दाम बिघडवत होते, आणि आजवर केलेल्या कामांत तेच एक काम मला नीट समजलं होतं. खेळ सुरू झाला. चार पावलांत अडकला. गाय अर्ध्या वळलेल्या मानेने थांबली. मालक म्हणाले, "झालं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी सामान खाली आणलं. रिक्षा रस्त्याला उभी होती आणि वाशिम वळकटी घेऊन पुढे गेली होती. मालकांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते सदरा-टोपी घालून खुर्चीत बसले होते, पाठ दाराकडे, फोन कानाला. परदेशी बोलायचं म्हणून ते नेहमीसारखे मोठ्याने बोलत होते.

"जेवलास का? ... आरं ते मशीन परत अडाय लागलंय. लई अडतंय. पावलं टाकता येत न्हाईत." मग बराच वेळ त्यांनी नुसतं ऐकलं. तिकडून तो काहीतरी विचारत होता, पुन्हा विचारत होता. मालकांची मान एकेका प्रश्नाला हलत होती. "न्हाई न्हाई, तू नको काळजी करू. हितं हाय ना आमची परभणी. बघतीया ती. झालं की सांगतो."

बोलता बोलता ते मागे वळले आणि त्यांना मी दिसले. दोन्ही हातांत पिशव्या, पाठीवर बॅग. फोन त्यांच्या कानालाच होता. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि हो म्हणून मान हलवली. फोनवर ती कुणाला दिसणार नव्हती.